आवाजाला मेंदूने दिलेला प्रतिसाद आणि सेरोटोनिन : ही चाचणी करून घ्यावी का?

उंबरठा
नमस्कार. माझ्या मावसभावाला गेले वर्षभर नैराश्याचा त्रास आहे. मानसोपचारतज्ज्ञांचे उपचार चालू आहेत, दोन औषधे देऊन झाली, पण म्हणावा तसा उतार पडलेला नाही. अलीकडेच कोणीतरी मावशीला ‘ब्रेन मॅपिंग’ करणाऱ्या एका केंद्राचे पत्रक आणून दिले. तिथे डोक्याला तारा लावून कानात लहानमोठे आवाज ऐकवतात, त्यावरून मेंदूतले सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन किती आहे ते समजते आणि मग ‘अचूक औषध’ निवडता येते, असे त्यात छापले आहे. शुल्क पाच आकडी आहे. मावशी पैसे भरायला निघालीच होती, मी तिला थोडे थांबवले आहे.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेतले. पण थोडे वाचल्यावर असे दिसले की ही कल्पना कोणी हवेतून काढलेली नाही, त्यामागे खरोखरचे संशोधन आहे. म्हणूनच संभ्रम वाढला. थोतांड असते तर मावशीला समजावणे सोपे गेले असते. या विषयातील जाणकारांनी कृपया सांगावे, की आवाजावरून सेरोटोनिन कळते का, आणि कळत असेल तर एका माणसाचे औषध त्यावरून ठरवता येते का?

तिखटमीठ
आमच्या गल्लीत ही चाचणी गणेशोत्सवात दहा दिवस मोफत होते. अहवाल मात्र कोणी देत नाही.

मंद्रसप्तक
मी जर्मनीत मेंदूच्या विद्युत्प्रतिसादांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत काही वर्षे होतो आणि ही चाचणी स्वतः अनेकांवर केलेली आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

प्रत्यक्षात होते ते असे. माणसाला शांत खोलीत खुर्चीत बसवतात, डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी चढवतात आणि प्रत्येक इलेक्ट्रोडखाली थोडी जेल भरतात. ती नंतर केसांतून निघता निघत नाही आणि सगळ्यात जास्त तक्रारी तिच्याविषयीच असतात. कानांवर हेडफोन असतात. समोरच्या एका ठिपक्याकडे पाहत राहायला सांगतात, कारण पापणी लवली की तिचाच विद्युत्संकेत मेंदूच्या संकेतापेक्षा कितीतरी मोठा येतो आणि तेवढा तुकडा टाकून द्यावा लागतो. मग १,००० हर्ट्झचा एक छोटा सूर, सेकंदाच्या तीस-चाळीस सहस्रांशांएवढा, सुमारे दोन-दोन सेकंदांच्या अंतराने ऐकवतात. सूर तोच, त्याची तीव्रता मात्र ६० ते १०० डेसिबलपर्यंत दहा-दहाच्या पायऱ्यांनी बदलते आणि पायऱ्यांचा क्रम मुद्दाम विस्कटलेला असतो.

एका सुराला मिळालेला प्रतिसाद मेंदूच्या नेहमीच्या विद्युत्हालचालीत पार बुडून जातो. म्हणून एकाच तीव्रतेचे अनेक प्रतिसाद एकत्र करून त्यांची सरासरी काढतात. तेव्हा सुरानंतर साधारण १०० मिलिसेकंदांनी एक खळगा आणि २०० मिलिसेकंदांच्या आसपास एक उंचवटा दिसू लागतो. त्यांना ‘एन-वन’ आणि ‘पी-टू’ म्हणतात. आवाज मोठा होत जातो तसतसे या दोहोंमधले अंतर वाढते. ते दर दहा डेसिबलला किती मायक्रोव्होल्टने वाढते, हा चढ म्हणजेच या चाचणीतून हाती येणारा आकडा. काहींचा चढ तीव्र असतो, काहींचा जवळजवळ सपाट.

१९९३ साली उल्रिश हेगेर्ल आणि गेओर्ग युकेल या दोघा जर्मन मानसोपचारतज्ज्ञांनी ‘बायॉलॉजिकल सायकिॲट्री’ या नियतकालिकात असे गृहीतक मांडले की हा चढ मेंदूतील सेरोटोनिन-व्यवस्थेच्या कामाचा निर्देशक असावा. मेंदूच्या देठातील राफे केंद्रकांपासून निघणारे सेरोटोनिनचे तंतू कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, सर्वदूर पसरलेले असले, तरी आवाज जिथे प्रथम पोहोचतो त्या प्राथमिक श्रवण-कॉर्टेक्समध्ये त्यांची दाटी विशेष आहे. सेरोटोनिनचा प्रवाह चांगला असेल तर तिथल्या चेतापेशींना एक प्रकारचा लगाम राहतो आणि मोठ्या आवाजालाही प्रतिसाद बेताचा येतो. प्रवाह कमी असेल तर लगाम सुटतो आणि चढ तीव्र होतो. पुढे त्यांनी जाग्या मांजरांवर प्रयोग केले. राफे केंद्रकाचे काम मंदावणारे द्रव्य तिथे सोडल्यावर प्राथमिक श्रवण-कॉर्टेक्समधला चढ वाढला, शेजारच्या दुय्यम भागात मात्र तसे झाले नाही. या विषयातला सर्वांत भक्कम पुरावा मी अजूनही यालाच मानतो.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे ‘काही अंशी, आणि तेही आडवाटेने’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’. कारणे पुढच्या प्रतिसादात लिहितो.

श्रवणा
मी ऑडिओलॉजिस्ट आहे. एक खुलासा करते, कारण आमच्याकडे येणारे लोक या गोष्टींची नेहमी गल्लत करतात. लहान बाळांची ‘बेरा’ चाचणी होते तिच्यातही तारा आणि आवाज असतात. पण तिथे आवाजानंतरच्या पहिल्या दहा मिलिसेकंदांत श्रवणचेता आणि मेंदूचा देठ काय करतात एवढेच पाहतात. मंद्रसप्तक सांगत आहेत तो प्रतिसाद कॉर्टेक्सचा, बराच नंतरचा, आणि तो जागेपणा, लक्ष, झोपेची गोळी या सगळ्यांनी हलतो.

माझी खरी शंका कानाविषयी आहे. अंतर्कर्णाची हानी झालेल्या माणसाला हळू आवाज ऐकूच येत नाहीत, पण आवाज एका पातळीच्या वर गेला की तो एकदम फार मोठा वाटू लागतो. आजोबा “जोरात बोल” म्हणतात आणि जोरात बोलले की “ओरडतोस कशाला” म्हणतात, त्यामागे हेच असते. अशा माणसाचा चढ तीव्र आला तर तो सेरोटोनिनमुळे आला की कानामुळे? या केंद्रात आधी श्रवणालेख काढतात का, हे उंबरठा यांनी जरूर विचारावे.

डॉ_निवांत
श्रवणा यांचा मुद्दा अगदी योग्य आहे. आता मानसोपचारतज्ज्ञ म्हणून माझी बाजू मांडतो.

अशा चाचणीची ओढ आम्हा डॉक्टरांनाही का वाटते, ते आधी सांगायला हवे. अमेरिकेतील ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासात सिटालोप्रॅम या पहिल्या औषधाने नैराश्य पुरते निवळलेले रुग्ण साधारण एक तृतीयांश होते. एखादे औषध लागू पडते की नाही हे कळायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रुग्ण त्रास काढत असतो आणि घरचे लोक आमच्याकडे पाहत असतात. मधुमेहात साखर मोजता येते, थायरॉईडमध्ये टीएसएच पाहता येते, आमच्याकडे मात्र अजून प्रश्न विचारणे आणि ऐकणे हीच मुख्य साधने आहेत.

रक्तातले सेरोटोनिन मोजून काही साधत नाही, हेही सांगून टाकतो, कारण तशीही ‘पॅकेजे’ विकली जातात. शरीरातील नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात तयार होते, रक्तात ते प्लेटलेट पेशींमध्ये साठवलेले असते आणि रक्त व मेंदू यांच्यामधला अडसर ते ओलांडत नाही. ती तपासणी काही विशिष्ट गाठींच्या निदानासाठी कामी येते, नैराश्यासाठी नाही. १९७६ साली स्वीडनमध्ये मारी ऑसबेरी यांनी पाठीच्या मणक्यातून काढलेल्या द्रवात सेरोटोनिनचे विघटनद्रव्य मोजून ‘सेरोटोनिन-नैराश्य’ असा वेगळा उपगट असावा का, हा प्रश्न उभा केला. तो अभ्यास आजही महत्त्वाचा मानला जातो. पण प्रत्येक रुग्णाच्या मणक्यात सुई कोण घालणार? त्यामानाने सुई नाही, किरणोत्सर्ग नाही आणि खर्चही आटोक्यात, असा मार्ग ईईजीमध्ये, म्हणजे डोक्यावरून मेंदूचे विद्युत्संकेत टिपण्यात, दिसत होता.

पाणवठा
मग चढ सपाट आला तर त्याचा अर्थ सेरोटोनिन भरपूर आहे, असा घ्यायचा का? तसे असेल तर सपाट चढाच्या माणसाला नैराश्य येताच कामा नये.

मंद्रसप्तक
पाणवठा, प्रश्न मार्मिक आहे. गृहीतकानुसार, सपाट चढाचे नैराश्यही असू शकते, फक्त त्याची मुळे सेरोटोनिनपेक्षा अन्यत्र असतील. हेगेर्ल यांच्या म्युनिकमधील गटाला असे आढळले की उपचारापूर्वी ज्यांचा चढ तीव्र होता, त्यांना एसएसआरआय गटातील (सेरोटोनिनवर काम करणारी) नैराश्यावरची औषधे अधिक लागू पडली. उलट नॉरॲड्रेनालिन या दुसऱ्या संदेशवाहक रसायनावर काम करणारे रिबॉक्सेटिन सपाट चढाच्या रुग्णांना अधिक उपयोगी पडल्याचे काही अभ्यासांत दिसले. १९८० च्या दशकात लिथियम या औषधाबाबतही एसएसआरआयसारखाच, तीव्र चढाच्या बाजूचा, कल दिसला होता. २००० साली एक्स्टसी या नशेच्या पदार्थाचे सेवन केलेल्यांमध्ये तीव्र चढ आढळला, आणि तो पदार्थ सेरोटोनिनच्या तंतूंना इजा करतो असे प्राण्यांवरील प्रयोगांतून माहीत असल्यामुळे तेही चित्रात बसले. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्ये चढ सरासरीने सपाट आढळला.

इथवर सगळे सुरळीत वाटते. अडचण सुरू झाली ती निरोगी माणसांमधले सेरोटोनिन मुद्दाम कमी-जास्त करून पाहिले तेव्हा. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून सेरोटोनिन बनते. ते वगळून बाकीच्या अमिनो आम्लांचे मिश्रण प्यायला दिले की काही तासांतच रक्तातले ट्रिप्टोफॅन खाली येते आणि मेंदूत सेरोटोनिन तयार होण्याचा वेग मंदावतो. (चव अत्यंत वाईट असते, आमच्या खोलीत बादली तयार ठेवलेली असे.) गृहीतक बरोबर असेल तर अशा वेळी चढ तीव्र व्हायला हवा. वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी हे करून पाहिले, आणि निष्कर्ष परस्परांशी जुळले नाहीत. बहुतेक ठिकाणी काहीच ठळक फरक पडला नाही. सिटालोप्रॅम या एसएसआरआयचा एकच डोस दिल्यावर चढ कमी झाल्याचे २००६ साली ऑस्ट्रेलियातील एका गटाने दाखवले, पण इतरांच्या तशाच प्रयोगांत ते दिसले नाही. सेरोटोनिनच्या वाहक प्रथिनाचे जनुक आणि हा चढ यांचा संबंध शोधायला गेलेल्यांचेही उलटसुलट निष्कर्ष आले.

शिवाय डोपामिन, निकोटिन, वय, ऐकण्याची क्षमता या सगळ्यांचा त्या एका आकड्यावर परिणाम होतो, असे वाटायला जागा आहे. गट म्हणून पाहिले तर सरासरीतला फरक दिसतो. पण दोन गटांतील माणसांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात, की एकट्या माणसाचा आकडा हातात घेऊन तो कोणत्या गटातला हे सांगणे धाडसाचे ठरेल.

तिखटमीठ
आता गंभीरपणे लिहितो. २०२२ साली जोआना मॉन्क्रीफ आणि सहकाऱ्यांचा आढावा आला आणि नैराश्य सेरोटोनिनच्या कमतरतेमुळे येते याला सातत्यपूर्ण पुरावा नाही, असे त्यांनी मांडले. मुळात भिंतच नसेल तर हे चित्र टांगायचे कशावर? सेरोटोनिन मोजण्याचा एवढा खटाटोप कशासाठी, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

डॉ_निवांत
तिखटमीठ, त्या आढाव्यावर बराच वाद झाला आणि त्याच्या पद्धतीवर अनेक संशोधकांनी जाहीर आक्षेप घेतले. पण ‘सेरोटोनिन कमी म्हणून नैराश्य’ हे सरधोपट समीकरण त्याआधीही बहुतेक तज्ज्ञांनी सोडून दिलेले होते, हे मान्य करतो. जाहिरातींनी ते समीकरण जिवंत ठेवले आणि आम्हीही दवाखान्यात वेळ कमी असतो म्हणून ते सोयीने वापरले. औषध लागू पडते की नाही हा मात्र वेगळा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आजार कशामुळे होतो यावर अवलंबून नसून रुग्णांवरील चाचण्यांवर अवलंबून असते. पॅरासिटामॉलने ताप उतरतो म्हणून ताप पॅरासिटामॉलच्या कमतरतेमुळे आला, असे आपण म्हणत नाही.

डोंगरवाट
थोडे अवांतर, पण विषयाशी जोडलेले. या सेरोटोनिन-कथेचा एक धागा मुंबईतून जातो. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसरपीन वेगळे काढले. ते घेणाऱ्या काही रुग्णांना औदासीन्य येते असे डॉक्टरांना दिसू लागले आणि १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की रेसरपीनमुळे सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. सेरोटोनिन आणि मनःस्थिती यांची सांगड घालायला जी निरीक्षणे कारणीभूत झाली, त्यांपैकी हे एक महत्त्वाचे. वकील यांना १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळाला. आपल्याकडे त्यांचे नाव किती जणांना ठाऊक असेल?

पाणवठा
डोंगरवाट, सुरेख माहिती. ‘ब्रेन मॅपिंग’ म्हटले की मला मात्र न्यायालय आठवते. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात आरोपीच्या मेंदूच्या विद्युत्चाचणीचा आधार घेतला होता आणि त्याची जगभर चर्चा झाली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. तारा लावून काढलेल्या रंगीत चित्रावर आपला विश्वास किती चटकन बसतो, ते यावरून लक्षात यावे.

मंद्रसप्तक
ती चाचणी वेगळ्या पद्धतीची होती. पण विश्वासाविषयी आपण म्हणता ते खरे आहे. आमच्याकडे चढाचा आलेख साधा काळ्या रेषेचा असायचा. तोच रंगीत नकाशा करून दिला की रुग्ण जास्त समाधानी दिसत.

झुळूक
धागा आवडीने वाचते आहे. सर्वांच्या मताविरुद्ध जाते म्हणून आधीच क्षमा मागते. तो चढ सेरोटोनिन मोजतो की नाही या वादात आपण गुंतलो आहोत, पण रुग्णाच्या दृष्टीने तो वाद गौण आहे. मी संख्याशास्त्र शिकवते. एखादा आकडा नेमके काय मोजतो हे माहीत नसूनही तो भाकितासाठी उपयोगी असू शकतो. तीव्र चढाच्या लोकांना एसएसआरआय खरोखरच अधिक लागू पडत असेल, तर त्यामागे सेरोटोनिन असो की आणखी काही, डॉक्टरांना तो वापरता येईल. मग या चाचणीला एवढे झिडकारायचे कारण काय?

मंद्रसप्तक
झुळूक, या धाग्यातला मला सर्वांत आवडलेला प्रतिसाद. आमच्या क्षेत्राने हे पुरेसे ओळखले नाही. हा चढ सेरोटोनिनचा मार्कर (निर्देशक) म्हणून सिद्ध करण्याच्या मागे लागून भाकिताची नीट परीक्षा घेणे मागे पडले.

पण भाकिताच्या कसोटीवर काय दिसते ते पाहा. सुरुवातीच्या अभ्यासांत रुग्णांची संख्या पन्नाससुद्धा नसे. मर्यादा कोणती धरायची, म्हणजे किती चढ झाला की ‘तीव्र’ म्हणायचे, हे बहुधा त्याच रुग्णांच्या आकड्यांवरून ठरवले जाई. प्रयोगशाळा बदलली, इलेक्ट्रोडची जागा किंवा गणिताची पद्धत बदलली की मर्यादाही बदलणार. २०१९ साली ईईजीवरून नैराश्याच्या उपचारांचे भाकीत करण्याविषयीच्या साऱ्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकिॲट्री’मध्ये आले. लहान अभ्यास, नकारात्मक निष्कर्ष छापलेच न जाणे आणि स्वतंत्र पडताळणीचा अभाव ही कारणे देऊन, अशा चाचण्या दवाखान्यात वापरण्याइतक्या तयार नाहीत, असे त्याच्या लेखकांनी म्हटले.

झुळूक
म्हणजे आक्षेप कल्पनेवर नसून पडताळणीवर आहे. मर्यादा जुन्याच रुग्णांवरून ठरवायची आणि यशही त्यांच्यावरच मोजायचे, हे माझ्या वर्गात कोणी केले तर मी उत्तरपत्रिका परत देते. समाधान झाले.

उंबरठा
सर्वांचे मनापासून आभार. आज केंद्राला दूरध्वनी करून श्रवणा यांनी सुचवलेले विचारले. श्रवणालेख काढत नाहीत. ‘तीव्र’ कशाला म्हणता, असे विचारल्यावर ‘ते सॉफ्टवेअर ठरवते’ असे उत्तर मिळाले. भावाची एसएसआरआय गटातील गोळी सध्या चालू आहे, हे सांगितल्यावर चाचणीपूर्वी ती काही दिवस बंद ठेवावी, असे सुचवण्यात आले. हे योग्य आहे का?

डॉ_निवांत
अजिबात नाही. कृपया असे करू नये. संशोधनात औषध सुरू करण्यापूर्वी चाचणी घेतात, ती यासाठीच की औषधाचा परिणाम आकड्यात मिसळू नये. चालू औषध चाचणीसाठी मध्येच तोडणे ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. एकदम बंद केल्याने चक्कर, चिडचिड, झोपमोड असे त्रास होऊ शकतात आणि आजारही उलटू शकतो. गोळीबाबत काहीही करायचे ते त्याच्या स्वतःच्या डॉक्टरांना विचारूनच.

आता मीच विचारतो. दोन औषधे लागू पडली नाहीत असे आपण लिहिले आहे. प्रत्येकाचा डोस किती होता आणि ते किती काळ घेतले गेले?

उंबरठा
भावालाच विचारले. पहिले औषध दोन महिने घेतले, पण डोस सुरुवातीला होता तोच शेवटपर्यंत राहिला, कारण मधली भेट चुकली. दुसरे औषध मळमळते म्हणून त्याने दुसऱ्याच आठवड्यात स्वतःहून बंद केले होते आणि डॉक्टरांना ते सांगितले नव्हते. सध्याची गोळी तिसरी आहे, ती मागच्याच आठवड्यात सुरू झाली.

डॉ_निवांत
मग दोन औषधे फसली, असे म्हणता येणार नाही. पहिल्याचा डोस वाढवून पाहायचा राहिला आणि दुसऱ्याला संधीच मिळाली नाही. ही माहिती डॉक्टरांना जशीच्या तशी सांगा. टीएसएच आणि बी-१२ तपासले आहे का, पूर्वी कधी अतिउत्साहाचा, झोपेची गरजच न वाटण्याचा काळ येऊन गेला का, आणि घरात कोणाला तसा आजार होता का, हेही त्यांच्या कानावर घाला. कारण उन्माद-नैराश्याच्या आजारात औषधांची निवडच बदलते. रात्री-अपरात्री त्याला फार अस्वस्थ वाटले, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

श्रवणा
आणि त्याला ऐकायला कमी येते किंवा कानात सतत आवाज येतो अशी तक्रार असेल, तर साधी श्रवणचाचणी जवळच्या सरकारी रुग्णालयातही होते. ती सेरोटोनिनसाठी नव्हे, त्याच्या कानांसाठी करावी.

उंबरठा
थायरॉईड तपासलेले नाही. उद्या सकाळी रक्त द्यायला नेते. मावशीने केंद्राची वेळ रद्द केली आहे. आता या गोळीनेही थोडे मळमळते आहे, म्हणून तो ती सोडेल अशी भीती वाटते.

डॉ_निवांत
गोळी जेवणानंतर घ्यायला सांगा. बहुतेकांची मळमळ एक-दोन आठवड्यांत ओसरते. ओसरली नाही तर डॉक्टरांना फोन करायचा, त्यांच्याकडे त्यावर उपाय असतात. फक्त मनाने गोळी थांबवायची नाही.